स्वभाव कोणाच्या अखत्यारीत?

गेल्या हिवाळ्यात आमच्या नात्यातली एक मुलगी माहेरी परत आली. लग्नाला चार वर्षं झाली होती. कडेवर दीड वर्षांचं पोर होतं आणि डाव्या कानाखाली जुना होत चाललेला हिरवट डाग. रिवाजाप्रमाणे दोन्हीकडची माणसं बसली. मुलाकडून त्याचे चाचा, मामू आणि गावातले एक बुजुर्ग. मुलीकडून तिचे अब्बा, फुफा आणि मी. मला बोलावलं ते "मास्तर आहेत, चार बुकं वाचलेली आहेत" म्हणून.

चहा झाला. मुलाच्या चाचांनी सुरुवात केली. मुलगा वाईट नाही, दारू नाही, बाहेरचा नाद नाही, जुम्म्याची नमाज चुकवत नाही. "बस, गुस्सा तेज है. उसका मिजाजच वैसा है. बाप का भी वैसाच था." मग आतून, पडद्याआडून, मुलीच्या दादीचा आवाज आला, "नसीब में जो लिखा था वो हुआ, बेटी. सबर कर." बैठकीतल्या माणसांनी माना डोलावल्या. मी काहीच बोललो नाही.

न बोलण्याचं कारण सांगायला हवं. 'मिजाजच वैसा है' हे वाक्य मी स्वतःच्या घरात वापरलेलं आहे. आमच्या अब्बांचा राग गल्लीत प्रसिद्ध होता. माझा थोरला मुलगा पाचवीत असताना मी त्याच्या तोंडावर गणिताची वही फेकून मारली होती. बायको बोलली तेव्हा मी तिला ऐकवलं होतं, "आमच्या खानदानातच राग आहे." त्यामुळे त्या दिवशी चाचांकडे बघताना मला माझाच आवाज ऐकू येत होता.

घरी आल्यावर झोप लागेना. माणसाने आपला स्वभाव निवडलेला नसेल, तर त्या स्वभावातून घडलेल्या गोष्टीचा जाब त्याला विचारायचा का? आणि सगळं जर आधीच लिहिलेलं असेल, तर जाब विचारणारे आपण कोण? हा प्रश्न बैठकीत सुटणारा नव्हता, पण तो नवाही नव्हता. इस्लामच्या पहिल्या काही शतकांत या प्रश्नावर माणसांनी पत्रं लिहिली, पंथ काढले, फटके खाल्ले आणि जीवही दिले. तो इतिहास आपल्या वाज-मजलिशींत फारसा सांगितला जात नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात करबलापासून करावी लागेल. मोहर्रम आपल्या महाराष्ट्रात गावोगाव माहीत आहे. ताबूत, सवाऱ्या, पंजे, शरबत, आणि त्यात खांदा देणारे शेजारचे हिंदू भाऊ, हे आपण लहानपणापासून पाहत आलोय. १० मोहर्रम हिजरी ६१, म्हणजे ऑक्टोबर ६८०, या दिवशी हजरत इमाम हुसैन शहीद झाले, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर कूफ्याच्या दरबारात काय बोलणं झालं, ते मात्र कमी जणांना माहीत असतं.

तबरीच्या इतिहासात तो प्रसंग येतो. कैद करून आणलेल्या मंडळींत इमाम हुसैन यांचे आजारी असलेले पुत्र अली, म्हणजे आपण ज्यांना जैनुल आबिदीन म्हणतो, ते होते. सुभेदार उबैदुल्लाह इब्न जियाद याने त्यांना नाव विचारलं. 'अली बिन हुसैन' असं उत्तर आल्यावर तो म्हणाला की, अली बिन हुसैनला तर अल्लाहने मारलं ना? ते म्हणाले, माझा एक भाऊ होता, त्याचंही नाव अली होतं, त्याला लोकांनी मारलं. इब्न जियादने पुन्हा सांगितलं, लोकांनी नाही, अल्लाहने मारलं.

या दोन वाक्यांत पुढच्या कित्येक शतकांचा वाद आहे. इब्न जियादने धर्माच्या विरोधात एक शब्दही काढला नव्हता. जीवन-मरण अल्लाहच्या हाती आहे, हे तर प्रत्येक मुसलमान मानतो. जैनुल आबिदीन यांनीही ते नाकारलं नाही. मृत्यूच्या वेळी प्राण अल्लाहच घेतो या अर्थाची आयत त्यांनी ऐकवली. पण तलवार कोणाच्या हातात होती, हे त्यांनी विसरू दिलं नाही.

त्याच दरबारात हजरत जैनब यांनाही तसाच टोमणा मारला गेला, की अल्लाहने तुझ्या घरच्यांचं काय केलं ते पाहिलंस ना? त्यांच्या उत्तराचा आशय असा होता: त्यांच्या वाट्याला शहादत लिहिलेली होती आणि ते आपल्या विश्रांतीच्या जागी गेले, पण अल्लाह एक दिवस तुला आणि त्यांना समोरासमोर उभं करील, तेव्हा तुला जाब द्यावा लागेल. नीट पाहा, 'लिहिलेलं होतं' हे त्या मान्य करतात आणि 'तुला जाब द्यावा लागेल' हेही म्हणतात. ज्याच्यावर आघात झाला आहे, त्याच्या तोंडी 'नशीब' हा शब्द आधार असतो. ज्याने आघात केला, त्याच्या तोंडी तोच शब्द पळवाट असतो. शब्द एकच, तो कोण, कशासाठी उच्चारतो यावर त्याचा अर्थ ठरतो. आमच्या बैठकीत दादीने तो शब्द मुलीच्या सांत्वनासाठी वापरला होता. बाकीच्यांनी मान डोलावली ती मुलाला मोकळं करण्यासाठी.

उमय्या घराण्याला या पळवाटेची गरज होती. सत्ता तलवारीने आली होती आणि ती बापाकडून मुलाकडे जायला लागली होती. ते स्वतःला अल्लाहचे खलीफा म्हणवून घेत. जे घडतं ते अल्लाहच्या मर्जीने घडतं, आम्ही गादीवर आहोत, म्हणजे तीही त्याचीच मर्जी. असा हिशेब एकदा मांडला की, राज्यकर्त्याला प्रश्न विचारणं म्हणजे अल्लाहच्या फैसल्याला प्रश्न विचारणं ठरतं.

याविरुद्ध बसऱ्यात आवाज उठला. माबद अल-जुहनी नावाचा माणूस सांगू लागला की, माणूस आपल्या कृत्यांचा मालक आहे, पापाचं खापर अल्लाहवर फोडता येणार नाही. तो हसन बसरी यांच्याकडे गेल्याची गोष्ट जुन्या ग्रंथांत आहे. हे राज्यकर्ते मुसलमानांचं रक्त सांडतात आणि अल्लाहच्या फैसल्यानेच झालं म्हणतात, अशी तक्रार त्याने केली. हसन बसरींनी उत्तर दिलं की, हे अल्लाहचे शत्रू खोटं बोलतात. अल्लामा इकबाल यांनी १९३० साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत हाच किस्सा सांगितला आहे आणि मुसलमानांतल्या किस्मतवादाचं एक मूळ दमास्कसच्या राजकारणात दाखवलं आहे.

हसन बसरी हे काही बंडखोर नव्हते. मदिनेत जन्मलेले, सहाबांच्या सहवासात वाढलेले, सूफी ज्यांना आपले आद्य गुरू मानतात असे ते. खलीफा अब्दुल मलिकला लिहिलेलं एक पत्र त्यांच्या नावावर आहे. ते त्यांनीच लिहिलं की मागाहून कोणी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यातला मुद्दा सरळ आहे: ज्या गोष्टीला अल्लाहने मनाई केली, तीच गोष्ट तो माणसाकडून सक्तीने करवून घेईल आणि वर तिची शिक्षा देईल, असा अन्याय त्याच्या नावावर कसा लावायचा?

माबद इ.स. ७०० च्या आसपास मारला गेला. तो हज्जाजविरुद्धच्या उठावात सामील झाला होता. त्याच्या मागून दमास्कसमध्ये गैलान पुढे आला. खलीफा उमर बिन अब्दुल अजीज यांच्याशी त्याची चर्चा झाल्याचे उल्लेख आहेत. पुढे हिशाम गादीवर आल्यावर त्याने गैलानचे हातपाय तोडून त्याला ठार करवलं. या लोकांना 'कदरिया' नाव पडलं.

इथे इमानदारीने एक गोष्ट सांगायला हवी. माबदचं नाव सहीह मुस्लिममध्ये ईमानच्या प्रकरणातल्या पहिल्याच हदीसीच्या सुरुवातीला येतं आणि ते निषेधाने येतं. त्याची मतं ऐकून हजरत अब्दुल्लाह बिन उमर यांनी या लोकांशी आपला संबंध नाही असं सांगितलं. कारण कदरियांपैकी काही जण अल्लाहला आधी काही माहीतच नसतं इथपर्यंत गेले होते, आणि तकदीरीवरचं ईमान तर आपल्या श्रद्धेचा भाग आहे. म्हणजे अत्याचाऱ्याला जाब विचारावा म्हणून सुरू झालेली गोष्टसुद्धा वाहवत जाऊ शकते.

दुसऱ्या टोकाला होता जहम बिन सफवान. त्याच्या मते माणसाला कसलीच शक्ती नाही. झाड हललं असं आपण म्हणतो, तसंच माणसाने केलं असं म्हणतो, एवढंच. या मताला 'जबरिया' म्हणतात. 'जबर' म्हणजे सक्ती.  जहमचं हे मत उमय्यांच्या सोयीचं होतं, म्हणून ते त्याच्यावर खूश असतील असं वाटेल. प्रत्यक्षात जहम त्यांच्याविरुद्धच्याच उठावात होता आणि इ.स. ७४६ मध्ये त्यांच्याच माणसांनी त्याला ठार केलं. सक्तीचा सिद्धांत मानणारा माणूस स्वतःच्या इच्छेने बंडात गेला. माणूस तोंडाने जे मानतो आणि हाताने जे करतो, त्यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही.

याचा आणखी मोठा पुरावा अब्बासी काळात सापडतो. मुतजिला पंथाचे विद्वान स्वतःला न्याय आणि तौहीदचे लोक म्हणवत. माणूस स्वतंत्र आहे, म्हणूनच अल्लाहचा न्याय हा न्याय आहे, असा त्यांचा आग्रह. बगदादमध्ये त्यांना सत्तेचा आश्रय मिळाला आणि ८३३ साली खलीफा मामूनने 'मेहना', म्हणजे विद्वानांची सक्तीची परीक्षा, सुरू केली. वाद होता कुरआन निर्मित आहे की नाही यावर. दरबाराला हवं ते उत्तर न देणारे इमाम अहमद बिन हंबल तुरुंगात गेले आणि मामूनच्या मागून आलेल्या मोतसिमच्या काळात त्यांना फटके मारले गेले. माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचे सर्वांत मोठे वकील दुसऱ्याच्या पाठीवर पडणारा चाबूक पाहत राहिले. आणि ज्या इमाम अहमद यांनी तकदीरीवरच्या ईमानात तसूभर तडजोड केली नाही, त्यांनी आपल्याला फटके मारायला लावणाऱ्या मोतसिमला नंतर माफ केलं असं त्यांच्या चरित्रांत येतं.

हे वाचल्यावर मला एक गोष्ट समजली. नियती की स्वातंत्र्य, या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिल्याने माणूस चांगला होत नाही. चांगलं होण्याचं काम वेगळं आहे. ते पुढे गझालींनी सांगितलं. पण त्याआधी अशअरींना भेटू.

अबुल हसन अल-अशअरी हे बसऱ्याचे, वयाच्या चाळिशीपर्यंत मुतजिला. गुरू जुब्बाई यांना त्यांनी विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. तीन भाऊ. एक नेक म्हणून मेला, एक पापी म्हणून, एक लहानपणीच गेला. लहानगा अल्लाहला म्हणाला, मला वाढू दिलं असतं तर मीही नेक झालो असतो. उत्तर मिळालं, तू वाढलास तर पापी होशील हे मला ठाऊक होतं, तुझ्या भल्यासाठीच नेलं. मग नरकातून पापी भाऊ ओरडला, मग मलाही लहानपणीच का नाही नेलं? जुब्बाईंकडे उत्तर नव्हतं, असं सांगतात. गोष्ट खरी असो की रचलेली, तिच्यातला काटा खरा आहे. कोणाला किती आयुष्य मिळालं, कोणत्या घरात जन्म मिळाला, बाप कसा मिळाला, हे आपण निवडत नाही. आणि तरी हिशेब आपल्याकडेच मागितला जातो.

अशअरींनी मधला रस्ता काढला. कृत्य निर्माण करतो अल्लाह, पण माणूस ते 'कस्ब' करतो, म्हणजे कमावतो, आपल्या नावावर घेतो. ही वाट इतकी अरुंद होती की, पुढे अरबीत एखादी गोष्ट फारच सूक्ष्म असेल तर ती अशअरींच्या कस्बहूनही सूक्ष्म आहे असं म्हटलं जाऊ लागलं. त्याच काळात समरकंदला अबू मन्सूर मातुरीदी यांनी माणसाच्या 'इख्तियार'ला, म्हणजे निवडीला, जरा जास्त जागा दिली. आपल्याकडच्या हनफी मदरशांत अकीद्याच्या बाबतीत मातुरीदींची परंपरा चालते. कोकणातले शाफई बांधव परंपरेने अशअरींच्या जवळचे. म्हणजे हा वाद समरकंद-बसऱ्याचा असला तरी आपल्या घरापर्यंत आलेला आहे.

घरापर्यंतच काय, आपल्या जिभेपर्यंत आलेला आहे. मराठी माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, 'नशीब' म्हणतो, 'तकदीर' म्हणतो. हे शब्द अरबीतून फारसीमार्गे आले. पण त्याच वाटेने 'इख्तियार'ही आला. सरकारी कचेरीत साहेब म्हणतात ना, "हे माझ्या अखत्यारीत येत नाही"? तोच हा. आणि 'कस्ब'ही आला. सुताराच्या, सोनाराच्या हातातलं कसब, तेच अशअरींचं कस्ब. धर्मशास्त्रात त्याचा अर्थ 'कमावलेलं कृत्य', मराठीत त्याचा अर्थ 'कमावलेलं कौशल्य'. आपण मात्र यातलं नशीब तेवढं स्वतःसाठी ठेवून घेतलं, अखत्यार साहेबांना दिला आणि कसब कारागिरांना.

स्वभावाच्या बाबतीत मला हा तिसरा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो समजतो इमाम गझालींकडे.

त्यांच्या आधी मिस्कवैह (मृत्यू १०३०) या इराणी विद्वानाने 'तहजीब अल-अखलाक' या ग्रंथात स्वभावाचा प्रश्न मांडला होता. माणसाचा खुलुक, म्हणजे शील, जन्मजात असतो की घडवलेला? ग्रीकांची मतं तपासून तो ॲरिस्टॉटलच्या बाजूने गेला. जे बदलू शकतं ते निसर्गाने ठोकून बसवलेलं नसतं. दगड हजारदा वर फेकला तरी त्याला वर जायची सवय लागत नाही. शील मात्र शिकवणीने बदलताना आपण रोज पाहतो. म्हणून कोणतंही शील निव्वळ जन्मजात नाही.

गझाली १०५८ साली तूस येथे जन्मले आणि बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य उस्ताद झाले. त्यांच्या 'इह्या उलूम अद-दीन' या ४० प्रकरणांच्या ग्रंथातलं २२वं प्रकरण स्वभावाला वळण लावण्यावर आहे. तिथे ते आधी आमच्या चाचांचंच म्हणणं मांडतात. काही लोक म्हणतात की, जसा चेहरा बदलत नाही तसा स्वभाव बदलत नाही. राग-लोभ तर मिजाजातच असतात. (हा 'मिजाज' मुळात हकिमांच्या वैद्यकातला शब्द, शरीरातल्या रसांचं मिश्रण. मराठीत त्याची 'मिजास' झाली, तेही अगदी बरोबर झालं.) गझालींचं उत्तर असं: स्वभाव बदलतच नसता तर उपदेश, नसीहत, शिस्त सगळंच व्यर्थ ठरलं असतं. जनावराचाही स्वभाव बदलतो. रानटी ससाणा माणसाळतो, भुकेला शिकारी कुत्रा शिकार तोंडात असून खात नाही, बुजरा घोडा लगाम मानतो. मग माणसाला कसं जमणार नाही?

पुढे ते एक फार नेमकी उपमा देतात. खजुराची बी ही खजुराचं झाड नव्हे आणि सफरचंदाचंही नव्हे. तिचं सफरचंद कधीच होणार नाही. पण निगा राखली तर खजुराचं झाड होऊ शकतं. तसा राग मुळातून उपटायचा नाही. उपटला जाणारही नाही, आणि उपटू नये, कारण राग नसेल तर माणूस अन्यायाविरुद्ध उभा कसा राहील? त्याला लगाम घालायचा आहे. बी कोणती मिळाली ते तुमच्या अखत्यारीत नव्हतं. पाणी घालायचं की नाही, ते आहे.

पाणी कसं घालायचं? इथे कसब येतं. ज्याला खुशनवीस व्हायचं आहे, तो काय करतो? चांगल्या खुशनविसाची अक्षरं गिरवतो. सुरुवातीला ते ओढूनताणून असतं, हात ऐकत नाही. गिरवता गिरवता एक दिवस अक्षर आपोआप सुंदर येऊ लागतं. गझाली म्हणतात, औदार्य, नम्रता, सहनशीलता अशाच येतात. आधी मुद्दाम, मन मारून करायचं. करत राहिलं की ती वृत्ती होते. अशा एका माणसाचा दाखला ते देतात, ज्याने सहनशीलता अंगी यावी म्हणून स्वतःला चारचौघांत शिव्या देण्यासाठी माणूस पगारी ठेवला होता! आपल्यापैकी कोणाला तशी गरज नाही, आपल्याला त्या फुकट मिळतात. पण मुद्दा लक्षात यावा.

कोणावर इलाज सोपा आणि कोणावर कठीण, याच्याही पायऱ्या ते लावतात. सर्वांत कठीण कोण? जो वाईट वळणात वाढला आणि त्या वळणाचाच अभिमान बाळगतो. 'आमच्या खानदानातच राग आहे' हे मी ज्या ऐटीत म्हणालो होतो, ती ऐट आठवून मी ते पान मिटलं.

लक्षात घ्या, हे सांगणारे गझाली कट्टर अशअरी आहेत. तकदीर ते पूर्ण मानतात. याच ग्रंथाच्या ३५व्या प्रकरणात माणूस हा निवड करण्यासाठीच बांधलेला आहे, अशा आशयाचं विधान त्यांनी केलं आहे. निवड टाळण्याची सोय माणसाला नाही. आणि स्वतःला बदलणं किती जड असतं, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आपण अल्लाहसाठी नव्हे तर नावलौकिकासाठी शिकवतोय, हे उमगल्यावर सहा महिने ते जावं की राहावं या ओढाताणीत होते. शेवटी १०९५ साली त्यांची जीभच वर्गात चालेना. तेव्हा कुठे त्यांनी बगदाद सोडलं.

कुरआनात दोन्ही प्रकारच्या आयती आहेत. अल्लाहच्या इच्छेशिवाय तुम्ही इच्छाही करू शकत नाही असं सांगणारी आहे, आणि लोक स्वतःच्या आतलं बदलत नाहीत तोवर अल्लाह त्यांची स्थिती बदलत नाही असं सांगणारीही. विद्वानांनी त्यांचा मेळ आपापल्या परीने घातला. मला, एका साध्या शिक्षकाला, सूरह आराफमधला एक फरक पुरेसा वाटतो. चूक आदमकडून झाली आणि इब्लीसकडूनही. इब्लीस अल्लाहला म्हणाला की, तूच मला बहकवलंस. आदम आणि त्यांची बीबी म्हणाले की, आम्ही स्वतःवर जुलूम केला. तकदीर तर दोघांचीही होती. एकाने ती ढालीसारखी पुढे केली, दुसऱ्यांनी चूक पदरात घेतली. कस्ब म्हणजे दुसरं काय असतं?

तकदीर मानणारा माणूस हात बांधून बसत नाही, हे हजरत उमर (रजि.) यांनी फार आधी दाखवलं होतं. शामच्या वाटेवर सर्ग या ठिकाणी, पुढे प्लेग पसरल्याची खबर त्यांना मिळाली आणि त्यांनी माघारी फिरायचं ठरवलं. हजरत अबू उबैदा यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरीपासून पळताय? हजरत उमर म्हणाले की, होय, अल्लाहच्या एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे. उंट चारायला नेले आणि दरीची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड असली, तर कुठेही चारले तरी ती अल्लाहचीच तकदीर. पण शहाणा माणूस हिरव्या बाजूला नेतो.

याला एक दुसरी बाजूही आहे. हल्ली 'हे लोक असेच असतात, यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य आपल्याबद्दल बोललेलं आपण ऐकतो आणि ते लागतं. लागायलाच हवं, कारण ते आपल्याला माणूस म्हणून निवडीचा हक्कच नाकारतं. पण घरी येऊन आपण तेच वाक्य आपल्या पोरांबद्दल, भावांबद्दल, स्वतःबद्दल म्हणतो, तेव्हा ते माया म्हणून खपतं. 'रक्तातच आहे' हे बाहेरच्याने म्हटलं तर अपमान आणि आपण म्हटलं तर सबब, असं कसं चालेल?

आठ दिवसांनी दुसरी बैठक झाली. या वेळी मुलगाही आला होता. यंत्रमागाच्या कारखान्यात तो जॉबर आहे. मी त्याला एवढंच विचारलं, "सूत तुटलं, माल बिघडला, तर मालक बोलतो का?" म्हणाला, "गालियां देता है, मास्तर." मी विचारलं, "तेव्हा राग येतो?" "आताच ना." "मग काय करतोस?" तो गप्प झाला. थोड्या वेळाने खाली बघत म्हणाला, "चुप बैठता हूं."

म्हणजे लगाम त्याच्याकडे होता. दिवसाचे बारा तास तो लगाम वापरत होता आणि घराच्या उंबऱ्यावर काढून ठेवत होता. पैगंबर (स.) यांनी सांगितलेलं आहे की, कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा बलवान नव्हे, रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा बलवान. कारखान्यात हा मुलगा रोज बलवान होत होता. मी त्याला तेवढंच म्हणालो. बाप कसा होता, मिजाज कसा आहे, यावर त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

चाचांनी मात्र पुन्हा एकदा मुलीला समजवायला सुरुवात केली, की नसीब समजून विसरून जा. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "मेरा नसीब मैं देखूंगी, चाचा. इसने मारा, उसका बोलो." करबलानंतरच्या दरबाराची गोष्ट तिने कधी वाचली असेल असं मला वाटत नाही.

ती अजून माहेरीच आहे. तो दर रविवारी पोराला बघायला येतो. पुढे काय करायचं ते ती ठरवेल, आणि ते ठरवणं तिच्याच अखत्यारीत आहे, असं बैठकीत कबूल झालं आहे.

त्या रात्री मी थोरल्या मुलाला फोन लावला. तो आता पुण्याला नोकरी करतो. म्हटलं, पाचवीत तुला मी वही फेकून मारली होती, ती माझी चूक होती. तो हसला. "कौनसी वही, अब्बा? कुछ भी याद करते तुम." मग आईच्या गुडघ्याचं विचारलं, पावसाचं विचारलं. फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाला, "अपूर्णांकाची होती."